एक गाव, एक पुस्तक

‘एक गाव, एक गणपती’ सगळ्यांना माहीत आहे. ‘एक गाव, एक पाणवठा’ ही डॉ. बाबा आढावांची चळवळ माझ्या पिढीनं तरुणपणी पाहिली. पण ‘एक गाव, एक पुस्तक’? म्हणजे साऱ्या गावानं ठरवून एकच कादंबरी वाचायची आणि मग पारावर, ओसरीवर, चहाच्या टपरीवर तिच्याबद्दल बोलायचं!

अमेरिकेतल्या माझ्या भाचीनं तिच्या गावात असा उपक्रम चालतो म्हणून मोठ्या कौतुकानं सांगितलं. मी तिला म्हटलं, "अगं, यातलं अर्धं आपल्याकडे सातशे वर्षांपासून चालू आहे. उरलेलं अर्धं मात्र आपल्याला अजून करायचंय." ती म्हणाली, "मावशी, मग लिही की यावर." म्हणून हा लेख. जरा लांबलाय, तेव्हा चहा घेऊनच बसा मंडळी.

आधी अमेरिकेचं सांगते. १९९८ साली सिएटल शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात नॅन्सी पर्ल नावाच्या ग्रंथपालबाई होत्या. साऱ्या सिएटलनं एकच पुस्तक वाचलं तर काय होईल, असा प्रश्न त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला आणि उपक्रमालाही तेच नाव दिलं. पहिलं पुस्तक निवडलं रसेल बँक्स यांची ‘द स्वीट हिअरआफ्टर’ ही कादंबरी. लहानशा गावात शाळेच्या बसला अपघात होतो, मुलं दगावतात, आणि मग दोष कुणाचा यावरून गाव आतून फाटत जातं, अशी ती गोष्ट. लेखकही वाचकांना भेटायला आले. पुढं २००१ साली शिकागोनं हार्पर ली यांची ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ घेतली. खोट्या आरोपात अडकवलेल्या काळ्या माणसाचं वकीलपत्र एक गोरा वकील घेतो, ती कादंबरी. २००२ साली न्यूयॉर्कनंही मनावर घेतलं, पण पुस्तक कोणतं यावरच आयोजकांत इतका वाद झाला की एकमत काही होईना! मला या तिन्ही शहरांत न्यूयॉर्कचीच गोष्ट जास्त आवडते. का ते शेवटी सांगते.

आता आपल्याकडे येऊ. आमचं वाळूज छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे आमच्या तोंडातल्या औरंगाबादहून, नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. याच रस्त्यानं पुढं गेलं की कायगावला गोदावरी ओलांडायची आणि मग येतं नेवासं. तिथं शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. शहरातून दक्षिणेला गेलं की पैठण. तिथल्या एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तीनशे वर्षांत हातानं नकलून नकलून पाठात भेसळ झाली होती, ती त्यांनी निवडून काढली. विचार करा, पुस्तक कपाटात पडून राहिलं असतं तर पाठ बिघडले तरी असते का? ते हातोहात फिरत होतं, ठिकठिकाणी वाचलं जात होतं, म्हणून बिघडलं. आणि ते सगळ्यांचं होतं, म्हणून शुद्ध करावंसं वाटलं.

पारायण तुम्ही पाहिलं असेलच. सात दिवसांचा सप्ताह. व्यासपीठावर चालक बसतात, समोर ओळीनं वाचणारे, पुढ्यात पोथ्या. अठरा अध्याय, नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत बसवायच्या. संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि गावजेवण. ज्या काळात गावात चारच माणसांना अक्षरओळख होती त्या काळातही सारं गाव एक ग्रंथ ‘वाचत’ होतं, कारण एक जण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. माझी आजी निरक्षर होती, पण तुम्ही ओवीचा पहिला चरण म्हटला की पुढचे ती म्हणायची. तिला वाचता येत नव्हतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि हे एकाच मांडवात होत नाही, हेही सांगायला हवं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. मराठीत आल्यावर तो विहाराविहारांत वाचला जाऊ लागला. वर्षावासाचे तीन महिने, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, संध्याकाळी बायाबापड्या पांढरी लुगडी नेसून जमतात, एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. मराठवाड्यात तर फार मनापासून. रमजानच्या महिन्यात मशिदीत तरावीहच्या नमाजात हाफिज साहेब रोज थोडं थोडं करून महिन्याभरात सारं कुराण म्हणून पुरं करतात, तेही तोंडपाठ. म्हणजे एकाच गावात, एकाच वर्षात, तीन ठिकाणी तीन ग्रंथांचं सामुदायिक वाचन चालतं. शेकडो माणसं, पिढ्यान् पिढ्या. सिएटलवाल्यांनी हेवा करावा असं.

पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक म्हणजे, या मांडवातलं माणूस त्या मांडवात बसत नाही. दुसरी म्हणजे, हे ग्रंथ श्रद्धेचे आहेत. कीर्तनकार अर्थ सांगतात, विहारातही चर्चा होते, पण ऐकणाऱ्यानं मध्येच उठून ‘हे काही मला पटत नाही बुवा’ म्हणायची ती जागा नव्हे. तशी अपेक्षाही नसते. तिथं माणूस मन शांत करायला जातो. पटत नाही म्हणायला वेगळी जागा लागते, आणि वेगळं पुस्तक लागतं.

असं पुस्तक म्हणजे कादंबरी. मराठीत ती आली तीच प्रश्न घेऊन. १८५७ साली बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ आलं, विषय विधवांची स्थिती. १८९० साली हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः छापायला सुरुवात केली. तीनेक वर्षं ती चालली. बालपणी लग्न झालेली यमू आपली कहाणी स्वतःच्या तोंडानं सांगते. क्रमशः छापण्याचा अर्थ काय, तर जितक्या घरांत अंक जायचा तितक्या घरांत त्या आठवड्यात एकच प्रकरण! पुढचं कुणालाच माहीत नाही. यमूचं काय होणार याची काळजी करत सगळ्यांनी पुढच्या अंकाची वाट पाहायची. माझ्या मते मराठीतलं ‘एक पुस्तक’ वाचन ते तिथं सुरू झालं, कुणी न ठरवता.

आमच्या मराठवाड्यात मात्र ही हवा उशिरा पोचली. आमचा मुलूख निजामाचा. शाळा उर्दू, कचेरी उर्दू, १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. उर्दूचा मला राग नाही, फार गोड भाषा. माझे वडील तीत शिकले आणि शेवटपर्यंत हिशेब उर्दू आकड्यांतच लिहायचे. पण परिणाम असा झाला की त्या पिढीकडे मराठी होती ती घरात बोलायला आणि पोथी वाचायला. पुण्या-मुंबईत कादंबरीवर वाद झडत होते तेव्हा आमच्याकडे छापील मराठी म्हणजे पोथी आणि पंचांग, फार तर शहरातल्या एखाद्या वाचनालयातलं वर्तमानपत्र. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं, मग गावोगाव मराठी शाळा निघाल्या, आणि त्या शाळांच्या लाकडी पेटीतून आमच्या गावांत पहिली कादंबरी आली. बहुतेक ठिकाणी ती एकच होती. ओळखा पाहू! बरोबर, ‘श्यामची आई’.

साने गुरुजींनी ती १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिली. बहुतेक भाग अवघ्या पाच दिवसांत, ९ ते १३ तारखेच्या दरम्यान. १९३५ साली पुस्तक निघालं. १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर चित्रपट काढला आणि १९५४ साली राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा उत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. हे सगळं आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण त्या पुस्तकाची बांधणी कशी आहे याकडे आपलं लक्ष जात नाही. त्यात प्रकरणं नाहीत, ‘रात्री’ आहेत. बेचाळीस रात्री. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाली की श्याम आपल्या सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो. हळूहळू गावातली माणसंही ऐकायला येऊ लागतात. म्हणजे सामुदायिक श्रवण त्या पुस्तकाच्या पोटातच आहे! लेखक हाडाचे मास्तर, अमळनेरच्या शाळेत शिकवलेले, वसतिगृहातल्या मुलांत राहिलेले. हे पुस्तक एकट्यानं कोपऱ्यात वाचायचं नाही, रोज एक रात्र मोठ्यानं वाचायचं आणि दहा जणांनी ऐकायचं, हे त्यांनी रचनेतच सांगून ठेवलंय.

मी शिक्षिका झाल्यावर तेच केलं. शनिवारची सकाळची शाळा, शेवटचा तास, सातवीचा वर्ग. एका शनिवारी एक रात्र. वर्षात शनिवार काही बेचाळीस मिळत नाहीत. सुट्ट्या, चाचण्या, पंधरा ऑगस्टची तयारी... म्हणून कधी दोन रात्री एकदम. काळ १९८५ नंतरचा. त्याच वर्षी बजाजचा कारखाना इथं सुरू झाला होता आणि वाळूज औद्योगिक वसाहत होऊ लागली होती. रांजणगाव, पंढरपूर (आषाढीला जिथं यात्रा भरते ते आमचं छोटं पंढरपूर हो!), पुढं बजाजनगर, सगळीकडे खोल्या चढू लागल्या. बीड, जालना, परभणी, बुलढाणा, कुठून कुठून माणसं कामाला आली. त्यांची मुलं आणि गावातली जुनी मुलं, सगळ्या आळ्यांची, एका वर्गात साठ-साठ. ती शिक्षणाच्या दृष्टीनं फार वाईट संख्या, पण कादंबरी वाचायला फार चांगली.

त्यात ‘देवाला सारी प्रिय’ नावाची एक रात्र आहे. रस्त्यात एका महार म्हातारीची लाकडाची मोळी खाली पडलेली असते. शिवाशिवीच्या भीतीनं कुणी हात लावत नाही. श्यामची आई त्याला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे आणि घरी आल्यावर अंघोळ कर. मी वाचून थांबले. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, आई चांगली आहे, तर मग अंघोळ कशाला?"

वर्ग चिडीचूप! पाठ्यपुस्तकात अशा धड्याखाली प्रश्न असतो, ‘श्यामच्या आईच्या स्वभावातील गुण लिहा’. हा प्रश्न तिथं नसतो. मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, घरी आजीला विचारून या, तुमच्या वेळी आडावर काय होतं.

पुढच्या शनिवारी मुलं आज्यांची उत्तरं घेऊन आली. एक जण म्हणाला, "आमच्या आजीला आडाला शिवू द्यायचे नाहीत. ती घागर खाली ठेवायची आणि कुणी वरून पाणी ओतेल म्हणून वाट बघायची." त्याच्या मागच्या ओळीतला एक जण हळूच म्हणाला, "आमची आजी म्हणाली, आम्ही ओतायचो." दोघं एका वर्गातली, एका गावातली, रोज बरोबर विटी-दांडू खेळणारी मुलं. दोघांच्या आज्या जिवंत होत्या, एकमेकींना ओळखत होत्या, आणि या विषयावर आयुष्यात कधी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. नातवंडं बोलली, कारण मध्ये श्याम होता. श्यामला नावं ठेवली तर कुणाला लागत नाही. श्यामच्या आईवर शंका घेतली म्हणून कुणाच्या देवाचा अपमान होत नाही. तिच्यावर सगळ्यांचं प्रेमही आहे, म्हणून नावं ठेवतानाही आवाज खालीच राहतो.

त्या दिवशी मी त्यांना पुढची गोष्ट सांगितली, जी पुस्तकात नाही. हे पुस्तक लिहिणारा माणूस चौदा वर्षांनी, मे १९४७ मध्ये, खऱ्या पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषणाला बसला. विठोबाचं देऊळ अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या लोकांना उघडा म्हणून. त्याआधी काही महिने गावोगाव फिरून सभा घेतल्या होत्या. दहा दिवस उपास घडला आणि देऊळ उघडण्याचा निर्णय झाला. ‘अंघोळ कशाला?’ हा प्रश्न लेखकालाही पडला असणार, नाही का? त्या मुलीला मी एवढंच म्हटलं की तुझा प्रश्न पंढरपूरपर्यंत जाऊन आलेला आहे, तो काही वात्रटपणाचा नाही.

दुसरी एक आठवण ‘अळणी भाजी’ची. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील मुकाट्यानं जेवतात आणि मुलंही काही बोलत नाहीत, ती रात्र. मागच्या बाकावरचा एक मुलगा हसायला लागला. म्हणाला, "बाई, आमच्याकडं रमजानमधी रोजच असं. अम्मीचा रोजा असतो, चाखून बघता येत नाही. कधी मीठ जास्त, कधी नाहीच!" सगळा वर्ग हसला आणि मग प्रत्येकाला आपापल्या घरातली अळणी भाजी आठवली. कोकणातल्या गरीब ब्राह्मणाचं ते घर, पण त्या दिवशी ते सगळ्यांचंच घर झालं होतं.

आणि तिसरी आठवण कर्जाची. ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ आणि ‘अब्रूचे धिंडवडे’ या रात्री पुण्या-मुंबईच्या मुलांना कशा वाटतात ठाऊक नाही, आमच्याकडे वर्ग खाली मान घालून ऐकायचा. पाऊस नाही, सावकार दाराशी, घरावर जप्ती, हे आमच्या मुलांना समजावून सांगावं लागत नव्हतं. त्यानंतरच्या सोमवारी एका मुलीचे वडील शाळेच्या दारात आले. शेतकरी माणूस, टोपी हातात धरलेली. म्हणाले, "बाई, पोरगी घरी सांगत होती. ते कर्जाचं पुस्तक आहे का? आठ दिवस द्या." स्वतःला वाचता येत नव्हतं. मुलगी रात्री कंदिलाशी बसून वाचायची, आणि मग शेजारचे दोघे-तिघे येऊन बसायला लागले. आठ दिवसांचे पंधरा झाले. पुस्तक परत आलं तेव्हा त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं. ते म्हणाले, "आमच्यावानीच दिसतंय की हो सगळं. आन् त्या माणसानं हे लिवलं बी!" आपल्यावर आलेलं संकट लिहिता येतं, ते लाज वाटून लपवायचं नसतं, हे त्यांना त्या पुस्तकानं सांगितलं. पुढच्या काळात आमच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या वाचताना मला तो कंदील आणि भोवती बसलेली चार माणसं आठवायची. कर्ज पुस्तकानं फिटत नाही. पण चार माणसांत त्याबद्दल तोंड उघडता आलं तर माणूस एकटा पडत नाही, एवढं तरी होतंच.

असो. आता आजचं बघू. वाचनासाठी काही होत नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानानं २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं, शंभर शंभर पुस्तकांच्या पेट्या गावोगाव, अगदी परदेशातही गेल्या. २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलामांच्या जन्मदिनी, वाचन प्रेरणा दिन होतो. २०१७ साली महाबळेश्वरजवळचं भिलार पुस्तकांचं गाव झालं. २०२४ च्या डिसेंबरात पुण्यात ‘शांतता, पुणेकर वाचत आहेत’ म्हणून ठरलेल्या एका तासात हजारो लोक एकाच वेळी पुस्तक उघडून बसले. हे सगळं छानच आहे. पण यात प्रत्येकाच्या हातात वेगळं पुस्तक आहे. तुम्ही तुमचं वाचा, मी माझं वाचते. वाचून झाल्यावर एकमेकांशी बोलायला आपल्याजवळ काय उरतं? ‘छान होतं हो’, एवढंच.

आणि आता प्रत्येकाच्या हातात फोन. सोसायटीचा ग्रुप वेगळा, समाजाचा वेगळा, गावकीचा वेगळा. ज्याला जे पटतं तेच त्याला दिवसभर वाचायला मिळतं. पूर्वी मांडव तीन होते, आता तीनशे आहेत असं समजा. म्हणून मला वाटतं, सगळ्यांनी मिळून वाचायचं पुस्तक आज पूर्वीपेक्षाही जास्त गरजेचं आहे.

तर आम्ही सात-आठ निवृत्त मंडळींनी ठरवलंय. नागपंचमीपासून दिवाळीपर्यंत, दर रविवारी संध्याकाळी तासभर, एकच कादंबरी मोठ्यानं वाचायची. वाचणारा दर वेळी वेगळा. पंधरा मिनिटं वाचन, उरलेला वेळ बोलणं. जागा अशी हवी की जिथं कुणालाही यायला संकोच वाटणार नाही, म्हणून देऊळ नको, विहार नको, मशीद नको, शाळेचा व्हरांडा. मुलांनी घरी जाऊन सांगायचं, घरच्यांचं ऐकून यायचं. खर्च जवळजवळ शून्य.

आणि मग अर्थातच न्यूयॉर्क झालं! पुस्तक कोणतं? एक म्हणाले, ‘श्यामची आई’च घ्या. साने गुरुजींना जाऊन १९५० साली तर एवढी वर्षं झाली, २०११ पासून तिच्यावर स्वामित्वहक्कही नाही, हव्या तितक्या प्रती निघतील. दुसरे म्हणाले, शाळेत तेच आणि आता पुन्हा तेच का? अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ घ्या. १९५९ ची कादंबरी, बाबासाहेबांना अर्पण केलेली, दुष्काळात उपाशी माणसांसाठी इंग्रजांचा खजिना लुटणारा नायक, पोरं जागची हलणार नाहीत. कारखान्यात काम करणारा एक तरुण येतो, मूळचा बुलढाण्याचा. तो म्हणाला, सदानंद देशमुखांचं ‘बारोमास’ घ्या, आमच्या घरातलं आहे. कुणी म्हणालं, फार दुःखाचं होईल. तो म्हणाला, "मॅडम, आहेच तसं." दोन तास वाद झाला. चहा तीनदा झाला.

माझं मत व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ला आहे. १९५५ ची, लहानशी, मोठ्यानं वाचायला सोपी. धनगरांच्या वस्तीवर एक तरुण मास्तर येतो, शाळा चालवतो, त्या माणसांत मिसळतो, आणि मग दुष्काळ पडतो आणि वस्ती मेंढरं घेऊन उठून जाते. आमच्या वसाहतीत निम्मी माणसं आपापली बनगरवाडी सोडून आलेली आहेत. त्यांना कुणी कधी विचारलंय, तुमचं गाव कसं होतं म्हणून? ही कादंबरी वाचताना ती आपणहून सांगतील असं मला वाटतं. मी मास्तरीण असल्यामुळे पक्षपात करते असा आरोप झाला आहे, तो मी हसून सोडून दिला!

न्यूयॉर्कची गोष्ट मला का आवडते ते आता कळलं असेल. लोक म्हणतात तिथला उपक्रम फसला. मला तसं वाटत नाही. आपल्या शहराची गोष्ट कोणत्या पुस्तकात आहे यावर माणसं तावातावानं भांडली, म्हणजे काम सुरूच झालं होतं की! आमच्या त्या दोन तासांतही मला शेजारच्या चार माणसांबद्दल जे कळलं ते वीस वर्षांत कळलं नव्हतं. अजून एक पानही वाचलेलं नाही.

पुढच्या रविवारी मतदान आहे. चिठ्ठ्या घालून. आईवडिलांबरोबर येणाऱ्या मुलांनाही एकेक मत आहे, हा माझा हट्ट मंडळींनी मान्य केलाय. तुम्ही असता तर कोणतं पुस्तक सुचवलं असतं, आणि मुख्य म्हणजे का, ते जरूर कळवा. नुसतं नाव नको, कारण हवं. रविवारी तुमची पत्रंही वाचून दाखवीन.